वाचकांची खानेसुमारी

“आज किती?”

गेलीं दोन वर्षें आमच्या घरांत दिवसाचा पहिला प्रश्न हाच असे. चहाचा पेला हातीं पडण्यापूर्वींच तात्या, म्हणजे माझे सासरे, नातवाकडे पाहून तो विचारीत. नातू मोबाइल उघडून एक आंकडा सांगे. आणि त्या आंकड्यावर तात्यांचा त्या दिवसाचा सारा रंग अवलंबून राही. आंकडा मोठा असला म्हणजे पूजा गुणगुणत होई, आणि लहान असला म्हणजे आमटींत हटकून मीठ कमी पडलेलें असे.

तात्यांनीं छत्तीस वर्षें शाळेंत मराठी शिकविलें. निवृत्त झाल्यावर त्यांनीं एक छंद धरिला. रोजच्या बोलण्यांतला एखादा शब्द घ्यावयाचा, तो कोणत्या भाषेंतून आला आणि वाटेंत त्याचा अर्थ कसा पालटला हें शोधावयाचें, आणि दोन-तीन पानांत तें लिहून ठेवावयाचें. अशा वह्या कपाटांत सांचत गेल्या. माझ्या पुतण्यानें एका मोठ्या सुटींत त्या संगणकावर उतरवून काढल्या, एक लहानसें संकेतस्थळ उभारलें आणि दर आठवड्यास एक लेख त्यावर ठेवण्याचा क्रम सुरू केला. संकेतस्थळासाठीं जागा भाड्यानें देणाऱ्या संस्थेनें एक हिशेबाचें पानहि दिलें होतें. सकाळचा आंकडा येई तो तेथूनच.

आंकडा वाढत चालला. पहिल्या महिन्यांत तो शेंकड्यांत होता. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर महिन्याकांठीं बारा हजारांवर गेला. त्या दिवशीं घरांत पेढे आले. पण माझ्या एक गोष्ट ध्यानांत येऊं लागली. तात्यांनीं शिव्यांच्या व्युत्पत्तीवर एक लेख लिहिला होता, त्या आठवड्यांत आंकडा एकदम फुगला. तेव्हांपासून तात्या तसेच चुरचुरीत शब्द शोधूं लागले. ‘माजघर’ या शब्दावर त्यांचा एक मोठा लेख चालला होता. त्यांत त्यांच्या आईच्या घराचें वर्णन होतें. तो निम्म्यावर राहिला. “एवढें लांब कोण वाचतो?” असें ते एकदां म्हणाले, आणि तें वाक्य मला तात्यांचें वाटलें नाहीं.

पुढें भाऊजींनीं पुस्तकाची कल्पना काढली. “बारा हजार लोक वाचतात. दहांतल्या एकानें घेतलें तरी हजार प्रती हां-हां म्हणतां खपतील.” तात्यांनीं मुदतठेव मोडण्याचें ठरविलें. ही ठेव तात्यांच्या आणि सासूबाईंच्या दुखण्याखुपण्यासाठीं ठेवलेली. तिची पावती माझ्याच कपाटांत असते, कारण घरचा हिशेब माझ्याकडे आहे. मीं कांहीं वर्षें एका हिशेबतपासनिसाच्या कचेरींत काम केलें आहे. तेथें एक गोष्ट अंगवळणीं पडली. आंकडा कितीहि गोड असला तरी तो कोठून आला हें विचारल्याशिवाय त्यावर सही करावयाची नाहीं. त्यांतून त्याच सुमारास आम्ही सारीं आठ दिवस कोंकणांत गेलों होतों. त्या आठवड्यांत नवा लेख नव्हता, कोणास दुवा पाठविला नव्हता, आणि आंकडा मात्र वाढलेला! ज्या दुकानाला कुलूप होतें त्याची विक्री वाढावी, तसेंच तें झालें. मीं तात्यांकडून तीन महिन्यांची मुदत मागून घेतली.

प्रथम पुतण्यानें मला संगणकाचा रोजनामा दाखविला. संकेतस्थळ ज्या यंत्रावर ठेवलेलें असतें, तें यंत्र बाहेरून आलेल्या प्रत्येक मागणीची एक ओळ लिहून ठेवतें. यालाच लॉग म्हणतात. मागणी कोणत्या पत्त्यावरून आली, किती वाजतां आली, काय मागितलें, तें मिळालें किंवा नाहीं, किती मजकूर गेला, मागणारा कोणत्या दुव्यावरून आला आणि कोणता ब्राउझर वापरीत होता, इतकें त्या एका ओळींत असतें. मिळालें असेल तेथें २०० आणि सांपडलें नसेल तेथें ४०४ असा खुणेचा आंकडा. मला ही वही पाहून माहेरचें माणूस भेटल्यासारखें झालें.

पहिलाच घोटाळा तेथें उघड झाला. आमचा रोजचा आंकडा ‘हिट्स’चा होता, म्हणजे मागण्यांचा. तात्यांचा एक लेख उघडला कीं मजकुराची एक मागणी जाते. पण त्याच्या मागोमाग तात्यांचें छायाचित्र, मथळ्याचें चित्र, अक्षरांचे टंक, सजावटीचीं कलमें यांच्याहि मागण्या जातात. एकूण चौदा. एका पाहुण्याच्या पानांत चौदा पदार्थ वाढले म्हणून चौदा पाहुणे जेवले असें कोणी म्हणत नाहीं. आम्ही मात्र वर्षभर तसेंच म्हणत आलों होतों. चित्रें आणि सजावट वगळतां बारा हजारांतून पृष्ठांच्या मागण्या उरल्या सुमारें दोन हजार.

त्या दोन हजारांतहि माणसें थोडीं होतीं. शोधयंत्रांचे दूत रात्रंदिवस हिंडत असतात. गूगलबॉट, बिंगबॉट अशीं आपलीं नांवें ते ओळींत लिहून जातात. २०२३ पासून लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या संगणकांसाठीं मजकूर वेंचणारा जीपीटीबॉट आणि त्याचे भाईबंदहि येऊं लागले आहेत. ‘येथें येऊं नका’ अशी चिठ्ठी दारावर लावण्याची सोय १९९४ पासून आहे. पण ती विनंती आहे, कुलूप नव्हे. याशिवाय नांव चोरून, माणसाचा ब्राउझर असल्याची बतावणी करून येणारे निराळेच. आमचें संकेतस्थळ वर्डप्रेसचें नाहीं; तरी वर्डप्रेसच्या प्रवेशद्वाराची मागणी दिवसांतून कित्येक वेळां होत होती. नसलेल्या दाराची कडी हलवून पाहणारे हे चोर! शिव्यांच्या लेखाचा तो फुगवटाहि असाच निघाला. एकाच पत्त्यावरून, सेकंदास दोन-तीन या वेगानें, रात्रीं अडीच वाजतां आलेल्या मागण्या होत्या त्या. त्यांत हंसणारा कोणी नव्हता.

असे दूत गाळल्यावर पांचशें उरले. आतां खरी शरमेची बाब. त्या पांचशेंत सुमारें तीनशें मागण्या आमच्याच घरच्या होत्या! तात्या दिवसांतून पांच-सहा वेळां आपला लेख उघडून पाहात, सासूबाई शेजारणींना दाखवीत, पुतण्या दुरुस्त्या करी, आणि भाऊजी कचेरींतून आंकडा किती झाला हें पाहण्यासाठीं येत. आंकडा पाहण्याच्या हौसेनें आंकडा वाढत होता.

आणि ‘पत्ता’ म्हणजे तरी माणूस थोडाच? तात्यांनीं ‘खानेसुमारी’ या शब्दावर पूर्वीं लिहिलें होतें, तें मला येथें आठवलें. फारसींत ‘खाना’ म्हणजे घर आणि ‘शुमार’ म्हणजे गणना. खानेसुमारी ही मूळची घरांची मोजणी, माणसांची ती शिरगणती. संगणकाचा आय-पी पत्ता घर मोजतो, शीर मोजीत नाहीं. आमच्या घरांत नऊ माणसें आणि अकरा यंत्रें आहेत. बाहेरच्या जगाला तीं सारीं एकाच पत्त्याचीं दिसतात. उलट मी एकटी सकाळीं घरच्या वायफायवर आणि दुपारीं बाजारांत मोबाइलच्या जाळ्यावर असलें कीं दोन पत्त्यांची होतें. मोबाइल कंपन्या तर अनेक ग्राहकांना एकाच पत्त्याआड बसवितात. १८८१ सालीं हिंदुस्थानांत खानेसुमारी झाली तेव्हां बहुतेक प्रांतांत ती एकाच रात्रीं उरकण्यांत आली, कीं प्रवासांतला मनुष्य दोन गांवीं मोजला जाऊं नये. महाजालाला तशी एक रात्र नाहीं.

तेव्हां पुतण्यानें दुसरा मार्ग सुचविला. रोजनामा वाचण्याऐवजीं प्रत्येक पानांत एक लहानशी लिपी बसवावयाची. पान वाचकाच्या ब्राउझरांत उघडलें कीं ती लिपी हिशेबनिसाला वर्दी देते. पुष्कळसे यंत्रदूत ती लिपी चालवीतच नाहींत, म्हणून ते आपोआप गळतात. गूगलनें २००५ सालीं अर्चिन नांवाची कंपनी विकत घेऊन त्याच वर्षीं नोव्हेंबरांत गूगल अ‍ॅनॅलिटिक्स विनामूल्य खुलें केलें, तें याच प्रकारचें. त्याच्या मागच्या पिढीनें १ जुलै २०२३ रोजीं नोंदी घेणें थांबविलें; आतां चौथी पिढी चालते. दुसरें साधन माटोमो. २०१८ पर्यंत त्याचें नांव पिविक होतें. तें आपल्याच जागेंत ठेवतां येतें व हिशेब घराबाहेर जात नाहीं. दोन्हीं बसवून ताळा पाहावा असें आम्हीं ठरविलें.

ताळा जुळला नाहीं! एकाच महिन्याचे तीन हिशेब तीन तऱ्हांचे. प्रथम मी चिडलें. मग कारणें पाहिलीं. जाहिराती अडविणारें साधन ज्यांनीं ब्राउझरांत बसविलें आहे, त्यांच्याकडून वर्दी येतच नाहीं. ते वाचक रोजनाम्यांत दिसतात, अ‍ॅनॅलिटिक्सला दिसत नाहींत. वाचकाची ओळख कुकी नांवाच्या चिठ्ठीवर असते. ही युक्ति १९९४ सालीं नेटस्केपसाठीं निघाली. ती चिठ्ठी त्या एका ब्राउझरापुरतीच. तोच मनुष्य मोबाइल सोडून संगणकावर बसला कीं नवा ठरतो. अ‍ॅपलच्या सफारींत तर लिपीनें ठेवलेली अशी चिठ्ठी सात दिवस फिरकलें नाहीं तर पुसली जाते. तेव्हां दर पंधरवड्यास नेमानें येणारा वाचक दर खेपेस ‘नवा’ म्हणून टिपला जावयाचा.

‘भेट’ या शब्दाची गोष्टहि तशीच. वाचक अर्धा तास हालला नाहीं म्हणजे भेट संपली, असें ही साधनें सामान्यतः धरतात. आमच्या वन्सं लेख वाचतां वाचतां कुकर उतरविण्यास उठल्या, ताटें वाढलीं, आणि चाळीस मिनिटांनीं उरलेला लेख वाचावयास बसल्या, तर त्या दोन भेटी झाल्या. मागच्या पिढीच्या पद्धतींत याहून चमत्कारिक प्रकार होता. वाचनाचा वेळ दोन पानांच्या उघडण्यांतील अंतरावरून काढीत. म्हणून जो एकच लेख उघडून वीस मिनिटें मन लावून वाची आणि मग संगणक मिटी, त्याच्या नांवावर वेळ पडे शून्य. पाहतांक्षणीं परत फिरलेल्या माणसाची आणि त्याची गणना एकाच खान्यांत. चांगल्यांत चांगला वाचक शून्य! नव्या पद्धतींत पान डोळ्यांसमोर असेल तोंवरचा वेळ धरला जातो, हें त्या मानानें बरें.

चुका आमच्याहि झाल्या. घरच्या भेटी वगळण्याची सोय गूगलच्या साधनांत आहे. पुतण्यानें आमचा पत्ता तेथें लिहिला आणि आम्ही निश्चिंत झालों. पंधरा दिवसांनीं समजलें, ती गाळणी अद्याप ‘चांचणी’ या अवस्थेंतच होती. ती ‘चालू’ करावी लागते, आणि चालू केली तरी मागचें कांहीं गाळीत नाहीं. ती चालू केली, तों एका संध्याकाळीं वीज गेली. परत आली तेव्हां राउटरनें नवा पत्ता घेतला होता, आणि दुसऱ्या दिवसापासून तात्या पुन्हां ‘वाचक’ झाले. शेवटीं घरच्या यंत्रांवर निराळी खूण बसवावी लागली. वेळेचा पट्टा भारताचा निवडलेला नव्हता, त्यामुळें आमच्या सकाळच्या भेटी आदल्या तारखेस पडत. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले वाचक ‘थेट आलेले’ म्हणून दिसत, जणूं कांहीं त्यांना पत्ता पाठच होता! पाठवावयाच्या दुव्याला शेपटी जोडून ‘हा आप्तांच्या मंडळांतून’, ‘हा शाळेच्या माजी विद्यार्थ्यांकडून’ अशी खूण केली, तेव्हां तो गोंधळ मिटला.

तीन महिन्यांच्या शेवटीं मी दोन गोष्टी शिकलें. एक, कोणत्याहि साधनाचा आंकडा दुसऱ्या साधनाच्या आंकड्याशीं ताडून भांडूं नये. माप एक निवडावें, तें बदलूं नये, आणि या महिन्याची तुलना त्याच मापानें मोजलेल्या मागल्या महिन्याशीं करावी. पायलीनें मोजलेलें धान्य आणि काट्यावर तोललेलें धान्य यांत कोणतें खरें, असा प्रश्न नसतो. दुसरें, मोजण्यापूर्वीं आपल्याला काय जाणून घ्यावयाचें आहे तें ठरवावें. आमचा प्रश्न ‘किती मागण्या’ हा नव्हताच. पुस्तक कोण वाचील, हा होता.

याचें उत्तर निघालें तें असें: घर सोडून, यंत्रें सोडून, महिन्यास सुमारें साठ माणसें.

तात्यांना हें सांगावें कसें? हे म्हणाले, “राहूं दे. म्हाताऱ्या माणसाचा आनंद कशाला हिरावून घेतेस? पुस्तकाचें मी कांहीं तरी कारण काढून लांबवितों.” त्यांचें म्हणणें मायेचें होतें, पण खोट्या आंकड्यावर उभा राहिलेला आनंद रोज सकाळीं नवा आंकडा मागतो, हें मीं दोन वर्षें पाहिलें होतें. शिवाय निम्म्यावर राहिलेलें तें माजघर माझ्या मनांतून जाईना.

एके दिवशीं दुपारच्या चहानंतर मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसलें. “तात्या, रागावूं नका. बारा हजार हा आंकडा वाचकांचा नव्हे.”

“मग कोणाचा?”

मीं एक-एक रकम वाचून दाखविली. विद्यार्थ्याचें गणित तपासावें तसे ते ऐकत होते. कोठें कोठें थांबवून पुन्हां विचारीत होते. घरच्या तीनशेंपाशीं आलों तेव्हां त्यांनीं विचारलें, “त्यांत माझे किती, सूनबाई?” मीं सांगितलें. त्यांनीं चष्मा काढून पुसला आणि “बरें,” एवढेंच म्हणून ते उठले.

दोन दिवस सकाळचा प्रश्न आला नाहीं. त्या दोन दिवसांत आपण फार मोठें पाप केलें असें मला वाटलें. तिसऱ्या दिवशीं ते आपण होऊन स्वयंपाकघराच्या दाराशीं आले.

“त्या साठांपैकीं लेख तळापर्यंत वाचणारे किती, हें तुझ्या यंत्राला कळतें काय?”

“वाचलें किंवा नाहीं तें कळत नाहीं. पान नव्वद टक्के खालीं सरकलें तर तशी नोंद होते. चाळीसांच्या आसपास आहेत.”

ते कांहीं वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “माझ्या वर्गांत छप्पन्न मुलें असत. त्यांतलीं चाळीस शेवटपर्यंत ऐकत होतीं, असें मी शपथेवर सांगूं शकणार नाहीं.” आणि दारांतून वळतां वळतां, “ते कोण आहेत तेंहि दिसतें का?”

नांवें दिसत नाहींत. पण माटोमोंत प्रत्येक भेट उघडून पाहतां येते. अमुक शहर, अमुक यंत्र, रात्रीं अकरा वाजतां हा लेख, मग तो. पुतण्यानें मला तें पान दाखविलें तेव्हां आपण परक्या घराच्या खिडकींतून आंत डोकावत आहों असें वाटून मीं तें मिटावयास सांगितलें होतें. पत्त्याचे शेवटचे अंक झांकून ठेवण्याची तेथें सोय आहे; ती आम्हीं केली. लोकांच्या खाजगी माहितीच्या रक्षणासाठीं २०२३ सालीं आपल्याकडे कायदाहि झाला आहे. पण कायदा नसता तरी आलेल्या पाहुण्याच्या पिशवींत हात घालूं नये, हें आम्हांस घरींच शिकविलेलें आहे. तात्यांना मीं इतकेंच सांगितलें कीं त्यांतले वीस-बावीस पुन्हां पुन्हां येतात, आणि दोघे-तिघे परदेशांतून.

पुस्तकाच्या हजार प्रती रहित झाल्या. हल्लीं डिजिटल छपाईमुळें थोड्या प्रतीहि काढतां येतात. तशा शंभर काढावयाच्या ठरल्या, आणि तेवढा खर्च तात्यांच्या दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनांत बसतो. ठेवीची पावती कपाटांतच आहे. भाऊजी थोडे खट्टू झाले, पण तें फार दिवस टिकलें नाहीं.

कधीं कधीं मला वाटतें, साठ हा आंकडा तरी खरा कशावरून? छापील मासिकांचा खप तपासण्यासाठीं भारतांत १९४८ सालीं ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था निघाली. ती खपलेल्या प्रती मोजते. पण आमच्या घरीं मासिकाची एक प्रत येते. ती प्रथम सासूबाई वाचतात, मग मी, मग वन्सं. मुलें कोडें सोडवितात. शेजारच्या काकू ती मागून नेतात आणि महिन्यानें, पानाचे कोपरे दुमडून, परत करतात. त्या सर्वांची मिळून मोजणी एक! छापील कागदाचा हिशेब वाचकांना कमी दाखवितो आणि संगणकाचा वाढवून दाखवितो, येवढाच फरक. आमच्या साठांतहि कोणी एकजण लेख मोठ्यानें वाचीत असेल आणि दिवाणखान्यांत चौघें ऐकत असतील. त्या चौघांची वर्दी कोणतीहि लिपी देणार नाहीं.

आतां आंकडा दर महिन्याच्या एक तारखेस पाहावयाचा, असा घरांत नियम झाला आहे. सकाळीं तात्या पूर्वींसारखेच दूधवाल्याशीं हुज्जत घालतात. ‘माजघर’ पुरा झाला. तो अकरा पानांचा आहे. त्यानंतर त्यांनीं ‘सुमार’ हा शब्द घेतला. परवां त्यांनीं तो मला वाचून दाखविला. खानेसुमारींतला तोच हा फारसी ‘शुमार’. मूळ अर्थ मोजणी. म्हणून जें मोजतां येत नाहीं तें ‘बेसुमार’. पण मराठींत रुळतां रुळतां त्याचा अर्थ अंदाज असा झाला, आणि ‘सुमारें’ म्हणजे ठोकळ मानानें.

“मोजणीच्या शब्दाचा मराठीनें अदमास करून टाकला,” तात्या कागद खालीं ठेवून म्हणाले. “तुझी ती वही दाखविलीस त्या दिवशीं मला हें सुचलें. लेखांत तसें लिहिलें नाहीं. घरांतली गोष्ट घरांत बरी.”

मग थोडें थांबून त्यांनीं विचारलें, “एक तारखेला अजून किती दिवस आहेत ग?”